ज्यांचं मी देणं लागते

माझ्या संगणकात चित्रं तयार करणाऱ्या मॉडेल्सचा एक फोल्डर आहे. त्यातल्या प्रत्येक मॉडेलशेजारी त्याच नावाची एक साधी मजकुराची फाइल ठेवलेली असते. मॉडेल कुणी बनवलं, कुठून आणि कोणत्या तारखेला उतरवून घेतलं, त्याचा हॅश काय, परवाना कोणता, ते कोणत्या मूळ मॉडेलवर उभं आहे, आमच्या कामात ते कुठे उपयोगी पडलं आणि कुठे नाही, एवढं त्यात लिहिलेलं असतं. नवं कुणी मदतीला आलं की मी आधी ह्या नोंदी वाचायला देते, चित्रं नंतर दाखवते. ह्या नोंदींतली जवळजवळ प्रत्येक ओळ लिहायला मला कुणीतरी शिकवलं आहे. त्यातल्या दोघांना मी चांगली ओळखते. बाकीच्यांना मी कधी भेटलेली नाही, भेटणारही नाही. त्या सगळ्यांविषयी एकदा नीट लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

माझं काम चित्रं काढण्याचं. नवसाक्षर बायका आणि शाळकरी मुलं ह्यांच्यासाठी छोट्या पुस्तिका निघतात, त्यांची चित्रं आणि मांडणी मी करते. विषय साधे पण जबाबदारीचे असतात: बाळंतिणीचा आहार, बियाण्याची निवड, पिण्याचं पाणी, मातीची धूप. ज्या बाईला अक्षरं नुकती जुळायला लागली आहेत, ती मजकुराआधी चित्र वाचते. चित्रातला विळा चुकीच्या हातात असला तर तिचा त्या पानावरचा विश्वास उडतो आणि मग पानावरचा सल्लाही वाया जातो. म्हणून आमच्याकडे चित्र ‘छान’ असण्यापेक्षा ‘बरोबर’ असण्याला महत्त्व.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये स्टेबल डिफ्यूजन हे शब्दांवरून चित्रं करणारं मॉडेल सगळ्यांसाठी खुलं झालं. म्युनिकच्या लुडविग माक्सिमिलियान विद्यापीठातल्या संशोधकांचं मूळ काम, रनवे आणि स्टॅबिलिटी एआय ह्या कंपन्यांची साथ, आणि त्यातून चार जीबीच्या आसपासची एक फाइल बाहेर आली. ती कुणीही आपल्या घरच्या संगणकावर चालवू शकत होतं. ढगांचा उजेड, झाडीची गर्दी, माणसांच्या उभं राहण्याच्या तऱ्हा ह्यांचे कच्चे आराखडे पटापट बघायला मिळाले तर हाताने काढायच्या चित्रांना जास्त वेळ देता येईल, असं मला वाटलं. त्यासाठी चांगलं ग्राफिक्स कार्ड हवं होतं. तेवढ्यासाठी मी पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेले आणि तिथे मला दादा भेटले.

दादांचं दुकान म्हणजे गल्लीतल्या गल्लीत एक खोली. एका भिंतीला उघडे मदरबोर्ड टांगलेले, दुसऱ्या भिंतीला बिलांच्या फाइली वर्षवार लावलेल्या. वापरलेलं कार्ड विकण्याआधी ते त्याच्यावर रात्रभर ताण देऊन बघत, तापमानाचा आलेख छापून बिलाला टाचत आणि कार्डावरचा अनुक्रमांक स्वतःच्या अक्षरात बिलावर लिहीत. मी १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० मागितलं तेव्हा त्यांनी किमतीआधी विचारलं, “ताई, ह्याच्यावर चालवणार काय?” मी सांगितल्यावर त्यांनी स्टूल पुढे केलं. “बसा. कार्ड देतो. पण मॉडेल कुठनं घेणार ते आधी ठरवू. कार्ड खराब निघालं तर मी बदलून देईन. फाइल खराब निघाली तर कुणाकडे जाल?”

त्या दुपारी त्यांनी मला पहिल्यांदा ‘सीकेपीटी’ आणि ‘सेफटेन्सर्स’ ह्या दोन प्रकारच्या फाइलींतला फरक समजावून दिला. सुरुवातीची मॉडेल्स पहिल्या प्रकारात येत. तो प्रकार पायथन भाषेतल्या ‘पिकल’ नावाच्या साठवणीवर चालतो. पिकल फाइल उघडताना आतल्या सूचना एकामागून एक पाळल्या जातात, म्हणून त्यात आकड्यांबरोबर कुणी वाईट हुकूमही भरून ठेवू शकतो. मॉडेल नुसतं उघडलं तरी तो हुकूम चालतो. चित्र तयार करायची वेळसुद्धा यावी लागत नाही. ज्या फाइलीवर विश्वास नाही ती पिकलने उघडू नका, असा इशारा पायथनच्या अधिकृत दस्तऐवजातच दिलेला आहे. हे टाळण्यासाठी हगिंग फेस ह्या कंपनीने सेफटेन्सर्स हा प्रकार काढला. त्यात सुरुवातीला आठ बाइट असतात, पुढच्या मथळ्याची लांबी किती ते त्यात लिहिलेलं असतं. मग मथळा येतो: कोणत्या थराचं नाव काय, आकार काय, आकडे फाइलीत कुठून कुठपर्यंत. त्यानंतर फक्त आकडे. पाळायला हुकूमच नाही. २०२३ मध्ये ट्रेल ऑफ बिट्स ह्या सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेकडून ह्या प्रकाराचं परीक्षणही करून घेतलं गेलं. दादांनी हे सगळं वाचलेलं होतं. गिऱ्हाइकाच्या कार्डावर काय चालणार आहे हे आपल्याला माहीत असलं पाहिजे, हे त्यांनी स्वतःच स्वतःवर घालून घेतलेलं बंधन होतं.

मग हॅश. मॉडेल उतरवून झालं की विंडोजच्या काळ्या खिडकीत ‘सर्टयुटिल’ची एक ओळ लिहायची, फाइलीचं नाव द्यायचं आणि शेवटी एसएचए-२५६ असं सांगायचं. जरा वेळाने ६४ अक्षर-अंकांची एक ओळ येते. फाइलीतला एक बिट जरी बदलला तरी ही ओळ पार वेगळी येते. मूळ प्रकाशकाने आपल्या पानावर दिलेली ओळ आणि आपल्याकडे आलेली ओळ नोटपॅडमध्ये एकाखाली एक ठेवायची. दादा डोळ्यांवर भरवसा ठेवत नसत. प्रकाशकाची ओळ कॉपी करून आपल्या ओळीत ‘शोधा’ म्हणायचं. सापडली तर बरोबर. “पहिली दहा अक्षरं जुळली म्हणून सोडायचं नाही,” ते म्हणत. चित्रं करण्याच्या काही प्रणालींत मॉडेलच्या नावापुढे चौकटी कंसात हॅशची पहिली दहा अक्षरंच दिसतात. स्टेबल डिफ्यूजन १.५ च्या एका प्रसिद्ध फाइलीपुढे ‘६सीई०१६१६८९’ असं येतं, तशी. ती दहा अक्षरं कोणतं मॉडेल वापरलं हे पटकन ओळखण्यासाठी आहेत. खातरजमा करायची तर चौसष्टच्या चौसष्ट.

अशा तपासणीच्या सवयीची किंमत मला २०२४ मध्ये पुरती कळली. त्या जूनमध्ये कम्फीयूआय ह्या लोकप्रिय प्रणालीसाठी कुणीतरी बनवलेल्या एका जोडणीत वापरणाऱ्यांचे साठवलेले पासवर्ड पळवणारा कोड सापडला. म्हणजे मॉडेल शुद्ध असलं तरी त्याच्याभोवतीच्या जोडण्याही तितक्याच तपासून घ्याव्या लागतात. पुढे ऑगस्टमध्ये रनवेने हगिंग फेसवरचं आपलं सगळं सामान काढून घेतलं आणि स्टेबल डिफ्यूजन १.५ चं मूळ ठिकाणच नाहीसं झालं. इतरांनी ठेवलेल्या प्रती होत्या, पण त्यांतली अस्सल कोणती? ज्यांच्याकडे जुना हॅश लिहिलेला होता त्यांना हे एका ओळीत ठरवता आलं. माझ्या नोंदीत तो होता, कारण दादांनी तो लिहायला लावला होता. मूळ ठिकाण गेल्यावरही दूरदूरच्या अनोळखी माणसांनी आपल्या प्रती आणि त्यांचे हॅश नीट मांडून ठेवले. ते कुणाच्या पगारावर नव्हते. त्यांचंही मी देणं लागते.

दादांकडून शिकलेली तिसरी गोष्ट म्हणजे मथळा वाचणं. सेफटेन्सर्सचा मथळा उघडला की मॉडेल स्वतःबद्दल खरं बोलतं, नाव काहीही दिलेलं असो. त्यात ‘अटेन्शन’च्या, म्हणजे लक्ष देण्याच्या, थरांतली एक ओळ बघायची. तिथे आकार ३२० आणि ७६८ असा असेल तर मॉडेल स्टेबल डिफ्यूजनच्या पहिल्या पिढीतलं. ६४० आणि २०४८ असेल तर एक्सएल पिढीतलं. हे कळणं का गरजेचं, तर ‘लोरा’ नावाच्या छोट्या पूरक फाइली ज्या पिढीवर शिकवलेल्या असतात त्याच पिढीवर चालतात. आणि लोराच्या मथळ्यात पुष्कळदा आणखी एक ठेवा असतो: ती कोणत्या शब्दांवर, किती वेळा शिकवली गेली त्याची यादी. महाराष्ट्रातल्या बायकांच्या पेहरावासाठी म्हणून मिळालेल्या एका लोराची यादी आम्ही दोघांनी दुकानात बसून वाचली. त्यात पेहरावाचे शब्द थोडेच होते. एका नटीचं नाव मात्र जवळजवळ प्रत्येक चित्राला लावलेलं होतं. दादांनी खिडकी बंद केली. “ही बाई तुमच्या पुस्तिकेत येणार, आणि तिला पत्ताच नसणार.” ती फाइल तिथेच पुसली. आपण जे वापरतो त्यात कुणाचा चेहरा आहे हे विचारायची सवय मला त्या दिवशी लागली.

पण हॅश जुळणं म्हणजे फाइल तीच आहे एवढंच. ती चांगली आहे की नाही, आमच्या कामाची आहे की नाही, हे हॅश सांगत नाही. ते मला शिकवलं माझ्या आत्याने.

आत्या सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात शेती करते. सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी आणली की ती आधी तिच्यावरची खूण आणि लॉट नंबर बघते, पावतीशी ताडून घेते, खूण कापून जपून ठेवते. तेवढ्यावर ती पेरत नाही. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडते, गुंडाळी करून सावलीत ठेवते, पाणी शिंपडत राहते आणि आठवड्याने कोंब मोजते. सत्तरच्या वर आले तर बी पेरायला योग्य. पिशवीवरचं लेबल आणि गोणपाटातले कोंब, दोन्ही जुळल्याशिवाय पेरणी नाही. मॉडेल पारखायची रीत मला अख्खी ह्यात मिळाली. हॅश हे लेबल. गोणपाट आपलं आपल्याला करावं लागतं.

तसं मी ते केलं. आमच्या पुस्तिकांत वारंवार लागणारी दृश्यं घेऊन एक संच बनवला: नऊवारीतली खुरपणारी बाई, तिफणीने पेरणी, चुलीपुढे भाकरी थापणारी म्हातारी, हापशावर पाणी भरणाऱ्या मुली, ज्वारीची मळणी. सूचना प्रत्येक मॉडेलला त्याच इंग्रजी शब्दांत द्यायच्या, कारण ह्या मॉडेल्सना मराठी जवळजवळ उमजत नाही. सीड (चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा) तोच, पायऱ्या तेवढ्याच, सॅम्पलर (त्या पायऱ्या चालवायची पद्धत) तोच. बदलायचं ते फक्त मॉडेल. प्रत्येकाला त्याच्या मूळ मापावर चालवायचं: पहिल्या पिढीला ५१२ पिक्सेल, एक्सएलला १०२४. आणि एका सीडवरून निवाडा करायचा नाही, कारण एखादं चित्र योगायोगानेही सुरेख येतं. रंग विटके दिसले तर मॉडेलला नावं ठेवण्याआधी आकड्यांचं शेवटी चित्र करणारा व्हीएई हा भाग बरोबर जोडला आहे ना ते बघायचं, हे दादांनी सांगून ठेवलं होतं. मग सगळी चित्रं चौकटीत छापायची, खाली मॉडेलचं नाव न लिहिता फक्त क्रमांक टाकायचा आणि तो कागद लाल पेन्सिलीसकट आत्यापुढे ठेवायचा.

आत्याने तो कागद मन लावून बघितला. खुरपणीच्या चित्रांवर तिचं बोट पहिल्यांदा थांबलं. “काष्टा न्हाय. मग वाकून खुरपायचं कसं हिनं? आन् शेतात नथ घालून कोण खुरपतं गं?” बाई देखणी होती, दागिन्यांनी नटलेली होती, उभी राहून हसत होती; तिच्या हातातलं खुरपं मातीला लागतच नव्हतं. पुढे तिफण आली. “तिफणीला तीन फण असत्यात. हितं पाच काढल्यात. चाडं कुटं हाय? बी काय हवेतनं पडतंय?” एका चित्रातल्या बैलाचा दोर शिंगाला बांधलेला होता. तिने तिथे लाल गोल केला. “येसन न्हाय बैलाला. ह्यो ऐकंल व्हय कुणाचं?” ज्वारीच्या जागी दोन मॉडेल्सनी मका काढला होता, तो तिने लांबूनच ओळखला. भाकरीच्या चित्रात मात्र ती जरा रेंगाळली. चुलीतल्या जाळाचा उजेड म्हातारीच्या गालावर कसा पडलाय ते तिने मला दाखवलं. “ह्यो उजेड खरा हाय. भाकर खोटी, पर उजेड खरा.”

माझ्या निवडीचा निकष तिथे ठरला. कोणत्या मॉडेलला उजेड, आभाळ, कापडाच्या चुण्या, माणसांची गर्दी कळते, एवढंच मी मॉडेलकडून घेते. अवजार, पेहराव, जनावर, अन्न ह्यातलं काहीही त्याच्या हाती सोपवत नाही. २०२३ च्या जुलैमधलं एक्सएल कापडाच्या आणि उजेडाच्या बाबतीत आधीच्या पिढीपेक्षा उजवं ठरलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ब्लॅक फॉरेस्ट लॅब्जने १,२०० कोटी पॅरामीटर्सचं फ्लक्स आणलं, त्याला हात आणि बोटं अधिक नीट जमली. तिथे परवानाही बघावा लागतो: त्याचं ‘श्नेल’ हे रूप अपाची परवान्याखाली मोकळं आहे, तर ‘डेव्ह’ ह्या रूपाच्या मॉडेलच्या व्यापारी वापरावर बंधन आहे. पुस्तिका फुकट वाटली तरी तिच्यामागे पैसे देणारी संस्था असते, म्हणून नोंदीत परवान्याची ओळ रिकामी ठेवून चालत नाही.

आत्याने जे लाल पेन्सिलीने दाखवलं ते स्टेबल डिफ्यूजनच्या सोबतच्या माहितीपत्रात आधीच कबूल केलेलं होतं, हे मी नंतर लक्षपूर्वक वाचलं. शिकवण्यासाठी वापरलेल्या चित्रांखालचा मजकूर मुख्यतः इंग्रजी होता, त्यामुळे इतर भाषांच्या समाजांचं जगणं त्यात पुरेसं आलेलं नाही आणि पाश्चात्त्य रीत हीच सर्वसाधारण धरली जाते, असं बनवणाऱ्यांनीच लिहून ठेवलं आहे. अशी माहितीपत्रं लिहावीत हा विचार मार्गारेट मिचेल, टिमनिट गेब्रू, डेबोरा राजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ च्या एका निबंधात मांडला होता. मॉडेल कशासाठी बनवलं, कशासाठी वापरू नये, कोणत्या लोकांवर ते कसं चालतं, हे बनवणाऱ्याने स्वतः सांगावं. आपल्या मालाची उणीव आपणच छापायची, हे सोपं नसतं. मी आता जे मॉडेल निवडते त्याला असं पत्र असावंच लागतं. पत्र नसेल तर चित्र कितीही देखणं असो, ते फोल्डरात येत नाही. हा नियम त्या निबंधाच्या जोरावर मी ठामपणे पाळू शकते.

नऊवारीचा प्रश्न मात्र उरला होता. काष्टा दर वेळी हाताने काढायची माझी तयारी होती, पण वेगवेगळ्या कोनांतून, बसलेल्या, वाकलेल्या, डोक्यावर भारा घेतलेल्या बाईच्या कापडाच्या घड्या कशा पडतात ह्याचा अभ्यास हवा होता. दादांनी सुचवलं की आपणच एक लोरा शिकवू. एक्सएलचं मूळ मॉडेल जवळजवळ सात जीबीचं; त्याच्यापुढे ही जोड पासंगालाही पुरत नाही, म्हणून आमच्या कार्डावर ती जमण्यासारखी होती. आत्याचे आणि तिच्या शेजारणींचे कामातले फोटो काढायचे, प्रत्येकाखाली बरोबर शब्द लिहायचे. मी आत्याला विचारलं. तिने पदर सारखा केला आणि मलाच विचारलं, “माजा फोटू कुटं कुटं जाईल?”

ह्या प्रश्नाने माझ्या कामाची दिशा बदलली, म्हणून त्याचं उत्तर मी जसं दिलं तसं इथे लिहिते. मी म्हणाले, फोटो माझ्या संगणकाबाहेर जाणार नाही. त्यातून जी फाइल बनेल तीही कुणाला देणार नाही. चेहरा शिकवायचा नाही म्हणून तो फोटोतून कापणार. तुला नको वाटलं तर सगळं पुसून टाकणार आणि तुझ्यासमोर पुसणार. आत्या म्हणाली, “मंग काड. पर शेजारच्यांना तूच इचार, मी न्हाय सांगायची त्यास्नी.” मी प्रत्येकीच्या दारात जाऊन विचारलं. एक नाही म्हणाली. तिचा फोटो काढला नाही. बाकीच्यांचे काढले, चेहरे कापले आणि प्रत्येक चित्राखालचे शब्द आत्याने सांगितले तसे, ओचा कुठे, निऱ्या कुठे, काष्टा कसा खोचलाय, ते लिहिले.

त्या दारांतून फिरताना मला आकडा आठवत होता तो लायन-५बी ह्या संचाचा. २०२२ मध्ये बाहेर आलेल्या ह्या संचात चित्र आणि मजकूर ह्यांच्या ५८५ कोटी जोड्यांचे दुवे आहेत, आणि स्टेबल डिफ्यूजनची पहिली पिढी त्याच संचाच्या भागांवर शिकली. त्यातल्या कुणाच्या दारात कुणी गेलं नव्हतं. ‘माझा फोटो कुठे जाईल’ हे विचारायची संधीच त्या माणसांना मिळाली नाही. २०२३ च्या डिसेंबरात स्टॅनफर्डच्या इंटरनेट ऑब्झर्वेटरीने त्या संचात मुलांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रांचे दुवे असल्याचं दाखवून दिलं. संच मागे घेतला गेला आणि ते दुवे गाळून २०२४ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा आणला गेला. कोट्यवधी चित्रं गोळा करताना कुणीतरी थांबून बघणं किती आवश्यक असतं, हे त्या संशोधकांनी जगाला दाखवलं. त्यांनी बघितलं म्हणून मी आज मॉडेल घेताना ते कोणत्या संचावर शिकलं हे विचारते, आणि उत्तर न देणारं मॉडेल मुलांच्या पुस्तिकेसाठी वापरत नाही.

आणि त्या ५८५ कोटींत माझ्या व्यवसायबंधूंची चित्रं आहेत. पोलंडचे चित्रकार ग्रेग रुटकोवस्की ह्यांचं नाव सूचनांमध्ये इतक्या लोकांनी इतक्या वेळा लिहिलं की त्यांच्या शैलीची नक्कल सगळीकडे दिसू लागली, आणि त्यांना ते नको होतं. अमेरिकेत सारा अँडरसन, केली मॅककर्नन आणि कार्ला ऑर्टिझ ह्या चित्रकर्त्यांनी २०२३ च्या जानेवारीत न्यायालयात दावा लावला. ज्या उजेडाला आत्याने ‘खरा’ म्हटलं, तो उजेड कुणीतरी चूल पेटवून, कुणीतरी खिडकीशी बसून, आयुष्यभर बघून रंगवलेला किंवा टिपलेला आहे. मॉडेलने तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला नाही. माझ्या पानावर जो उजेड येतो त्यात त्यांच्या मेहनतीचा वाटा आहे, तो मला मोजता येत नाही आणि पोचवताही येत नाही. मॉडेल निवडणं म्हणजे आपण कुणाकुणाचे ऋणी होणार हे निवडणं, असं मी आता मानते. ऋण काढायचं तर निदान सावकाराचं नाव माहीत असावं आणि ते चारचौघांत सांगायची तयारी असावी. ज्या मॉडेलबद्दल हे करता येत नाही, ते वापरायचा मला अधिकार नाही.

फेडता येण्याजोगं जे आहे ते फेडायचा प्रयत्न करते. दादांनी एकदा विचारलं होतं की हे सगळं मराठीत एका पानावर लिहून द्याल का, गिऱ्हाइकांना इंग्रजी पानं वाचायला सांगितली की ती हो म्हणतात आणि वाचत नाहीत. ते पान मी लिहून दिलं: सेफटेन्सर्सच घ्या, हॅश पूर्ण ताडा, मथळा वाचा, परवाना आणि माहितीपत्र जवळ ठेवा, जोडण्या अनोळखी माणसाकडून घेऊ नका. आता दादा कार्ड विकतात तेव्हा तापमानाच्या आलेखाबरोबर हे पानही बिलाला टाचतात. आत्याचं नाव आमच्या पुस्तिकांच्या श्रेयपानावर ‘चित्रांची तपासणी’ ह्या मथळ्याखाली येतं आणि त्या कामाचं मानधन तिच्या खात्यावर जमा होतं. तिने पहिल्या खेपेला ते घेताना खळखळ केली, पण मी संस्थेकडून तसा ठरावच करून घेतला होता. त्याच पानावर मॉडेलचं नाव, आवृत्ती आणि कोणत्या चित्रात त्याचा किती उपयोग केला हे छापलं जातं.

चित्रकारांचं देणं फिटणारं नाही. तरी दोन गोष्टी मी ठरवल्या आहेत आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींनाही त्या पाळायला सांगते. मॉडेलला सूचना देताना कुठल्याही चित्रकाराचं नाव लिहायचं नाही, मग तो हयात असो वा नसो. आणि मॉडेलमुळे जो वेळ व पैसा वाचतो तो पुस्तिकेच्या मुखपृष्ठासाठी आणि मुख्य पात्रांसाठी हाताने काम करणाऱ्या माणसाला द्यायचा. कुणाची शैली फार आवडली, तिच्यावाचून अडतंय असं वाटलं, तर त्या माणसाचा फोन नंबर शोधायचा, मोबदला विचारायचा आणि काम त्याच्याकडे द्यायचं. नाव घ्यायचं ते काम देण्यासाठी.